मातीच्या स्लॅबच्या डब्याचे कोपरे उघडतायत? हे करून बघा

स्लॅब म्हणजे मातीची लाटलेली सपाट पोळी; तशा पोळ्या जोडून केलेल्या तुमच्या चौकोनी डब्याचे कोपरे वाळताना उघडतायत ना, त्यात मातीचा दोष फार कमी असतो, बहुतेक वेळा घाई झालेली असते. जाड कापडावर माती घ्या, दोन्ही बाजूंना ६-७ मिमीच्या लाकडी पट्ट्या ठेवून त्यावरून लाटणं फिरवा, जाडी सगळीकडे सारखी येते. एकाच दिशेने लाटत बसू नका, मधेमधे स्लॅब उलटा करा, नाहीतर वाळताना वाकतो.

मग लगेच उभं करायचं नाही! स्लॅब उचलल्यावर लवणार नाही पण नख रुतेल इतपत कडक होऊ द्या, आणि तळ नि भिंती एकाच वेळी लाटलेल्या घ्या, कारण ओला तुकडा सुकत आलेल्याला जोडला की दोन्ही वेगवेगळे आकसतात आणि जोड सुटतो. कडांवर काट्याने आडव्यातिडव्या रेघा मारा, त्याच मातीची दाट स्लिप (पाण्यात कालवलेली माती) लावा, दाबून बसवा आणि आतल्या कोपऱ्यात मातीची बारीक वळी दाबून घ्या. ही वळी कंटाळा म्हणून सोडू नका प्लीज, तिच्यामुळे जोडाला चांगली बळकटी येते.

वाळवताना प्लास्टिक झाका, कडा आधी सुकतात म्हणून तिथे जास्त. पंखा नकोच. पावसाळ्यात खूप वेळ लागतो, लागू द्या. पोकळ मूर्तीला कुठेतरी छोटं भोक ठेवा, आणि भट्टीत टाकण्याआधी गालाला लावून बघा, गार लागली तर आत ओल आहे, वाफ होऊन फुटेल.