मशीन जाम, आणि दुकानदार म्हणतो ‘ऑइल तुम्हीच कमी घातलंत’

प्रश्न : गुहागर तालुक्यात आमची आंबा-काजूची लहानशी बाग आहे. घरच्या सरपणासाठी आणि वाऱ्याने पडलेली झाडं कापायला ऑक्टोबरमध्ये बाजारातल्या एका दुकानातून 9,800 रुपयांना 58 सीसीचा पेट्रोल चेनसॉ (साखळी करवत) घेतला. जानेवारीत मशीन चालता चालता बंद पडलं. आता दोरी ओढली तर हलतही नाही. दुकानदार म्हणतो, पिस्टन जाम झालाय, पेट्रोलमध्ये ऑइल कमी घातलंत, वॉरंटी लागू नाही. शिवाय शेजाऱ्याचं लाकूड पाचशे रुपये घेऊन कापलंत, म्हणजे तो धंदा झाला, तुम्ही ग्राहकच नाही. त्याच्याच मेकॅनिकने खोक्यावर पेनाने ‘1 लि. – 20 मिली’ असं लिहून दिलं होतं आणि मी तेवढंच घालत होतो. टाकीवरच्या स्टिकरवर मात्र 25:1 आहे, हे मी नंतर पाहिलं. पैसे गूगल पेने दिले, पावती ‘एस्टिमेट’ची आहे. झाड कापतानाचा व्हिडिओ सोबत पाठवतोय. केस होईल का? ‘प्रॉडक्ट लायबिलिटी’ (सदोष वस्तूने झालेल्या हानीची भरपाई) लागते का? आणि पुढचं मशीन घेताना काय बघू?

उत्तर : केस होईल, आणि ती उभी राहील ते त्या खोक्यावर. 25:1 म्हणजे लिटर पेट्रोलमागे 40 मिली टूटी (टू-स्ट्रोक इंजिनचं) ऑइल. मेकॅनिकने लिहिलेले 20 मिली म्हणजे 50:1, बरोबर निम्मं. आता ‘ऑइल कमी पडलं’ हा दुकानदाराचा बचाव खरा धरला, तरी ते कमी घालायला सांगितलं कोणी? त्याच्याच माणसाने, लेखी. खोकं माळ्यावर टाकू नका, रद्दीत तर नाहीच. त्या अक्षरांचा आणि टाकीवरच्या स्टिकरचा फोटो आजच काढा. स्टिकर पेट्रोलने पुसट होत जातात.

दुसरी सूचना याहून महत्त्वाची. मशीन उघडू नका. ‘सायलेन्सर काढून जरा बघतो’ म्हणणारा मेकॅनिक प्रत्येक गावात असतो. सायलेन्सर काढला की पिस्टनवरचे ओरखडे दिसतात, हे खरं. पण तुम्ही खोललंत की समोरचा वकील पहिल्याच तारखेला म्हणणार, मशीनशी छेडछाड झाली आहे. टाकीत उरलेलं मिश्रणही ओतून देऊ नका. त्यात ऑइल किती होतं, हे त्यावरूनच ठरवता येईल. झाकण घट्ट लावून मशीन सावलीत, चुलीपासून लांब ठेवा.

दोष आहे हे सिद्ध करायची जबाबदारी तक्रारदाराची असते, आणि बहुतेक लोक इथेच हरतात. ‘मशीन खराब निघालं’ एवढं शपथपत्रावर लिहून भागत नाही. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 च्या कलम 38 नुसार वस्तू तपासल्याशिवाय दोष कळत नसेल, तर ग्राहक आयोग ती सीलबंद करून योग्य प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. फी आधी तुम्हाला भरावी लागते. तक्रारीसोबतच तसा अर्ज द्या, आणि रत्नागिरीच्या शासकीय तंत्रनिकेतनातल्या यांत्रिकी विभागाचं तज्ज्ञ मत मागवावं असा पर्यायही त्यात सुचवा. दहा हजारांच्या मशीनसाठी ते जास्त व्यवहार्य आहे.

तुमच्या पत्रात ‘प्रॉडक्ट लायबिलिटी’चा उल्लेख आहे. तो नाद सोडा. कायद्यात त्यासाठी दिलेल्या ‘हानी’च्या व्याख्येतून खुद्द वस्तूचं झालेलं नुकसान वगळलेलं आहे. साखळी तुटून तुमच्या हाताला लागली असती तर ते कलम चाललं असतं. इंजिन जाम झालं याला नाही. तुमची तक्रार ‘वस्तूतील दोष’ आणि ‘सेवेतील त्रुटी’ या दोनच पायांवर उभी करा. चुकीचं प्रमाण लिहून देणं ही सेवेतली त्रुटी, आणि तपासणीत इंजिनच मुळात सदोष निघालं तर तो वस्तूतला दोष. दोन्ही बाजू पर्यायी म्हणून मांडा, म्हणजे अहवाल कसाही आला तरी तुम्ही रिकाम्या हाताने परतणार नाही.

पाचशे रुपयांचं भूत मनातून काढा. वस्तू विकत घेताना मुख्य हेतू काय होता, हे पाहिलं जातं. घरच्या सरपणासाठी घेतलेलं मशीन एकदा शेजाऱ्याकडे चालवलं म्हणून ते व्यापारी होत नाही. उलट स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी वस्तू घेऊन ती स्वतः वापरणाराही या कायद्याने ग्राहकच आहे. सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्ये लक्ष्मी इंजिनिअरिंग प्रकरणात व्यापारी हेतूचा प्रश्न प्रत्येक प्रकरणातल्या वस्तुस्थितीवर ठरेल असं सांगितलं आहे. मात्र वॉरंटी कार्ड नीट वाचा. त्यात ‘व्यावसायिक वापरास लागू नाही’ अशी अट असेल तर तो वेगळा मुद्दा आहे, आणि त्याचं उत्तर दुकानदाराला पाठवायच्या नोटिशीतच द्यावं लागेल. पाचशे रुपये घेतले हे लपवू नका. खोटं उलटतपासणीत उघडं पडतं.

‘एस्टिमेट’ हे बिल नव्हे, पण गूगल पेची नोंद आणि त्या चिठ्ठीवरची तारीख मिळून खरेदी सिद्ध होते. बिल न देणं ही कायद्याच्या व्याख्येत अनुचित व्यापारी प्रथा आहे, हे नोटिशीत लिहाच. त्या एका वाक्याने दुकानदार अनेकदा फोन उचलायला लागतात.

आता क्रम. आधी स्पीड पोस्टाने पोचपावतीसह नोटीस, पंधरा दिवसांची मुदत देऊन, दुकानदाराला आणि मशीन परदेशी बनावटीचं असेल तर आयातदाराला. आयातदाराचं नाव-पत्ता खोक्यावर छापलेला असायलाच हवा. नसेल तर वैधमापनशास्त्र (वजनमापं) विभागाकडे वेगळी तक्रार करता येते. दरम्यान राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला 1915 वर तक्रार नोंदवा, तो फुकटचा दबाव आहे. उत्तर आलं नाही, तर रत्नागिरीच्या जिल्हा आयोगात तक्रार. तुम्ही राहता त्या जिल्ह्यात ती दाखल करता येते, ऑनलाइनही. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही, मुदत दोन वर्षांची, आणि वकील लावलाच पाहिजे असंही नाही. (हे मी वकील असून लिहितोय, म्हणजे खरंच लावू नका.) मागणी माफक ठेवा : किंमत व्याजासह परत, तपासणीचा खर्च, त्रासाबद्दल काही हजार. दोन लाख मागणाऱ्याकडे कोणी गांभीर्याने पाहत नाही.

तुमच्या व्हिडिओत सॉ ज्या ओंडक्यात अडकलाय तो आंब्याचा दिसतो. आंबा, फणस, जांभूळ, चिंच, साग ही झाडं महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, 1964 च्या अनुसूचीत आहेत. स्वतःच्या जागेतलं असलं तरी तोडायला परवानगी लागते. वाऱ्याने पडलेल्या झाडाला परवानगी नाकारता येत नाही, पण मागावी लागते. समोरचा वकील हा मुद्दा काढेलच. पडझडीचा तलाठ्याने केलेला पंचनामा असेल, तर त्याची प्रत आत्ताच काढून ठेवा.

पुढच्या मशीनबद्दल. घरगुती सरपणाला 58 सीसी आणि 22 इंची बार (साखळी फिरते ती पट्टी) लागत नाही. 35 ते 45 सीसी, 14 ते 16 इंची बार पुरे. सीसीपेक्षा एक गोष्ट आधी विचारा : पिस्टन, साखळी, कार्ब्युरेटर जिल्ह्यात कुठे मिळतात? दुकानातच सुरू करून दाखवायला सांगा. आयडलवर (रेस न देता) साखळी फिरता कामा नये आणि चेन ब्रेक खटकन लागला पाहिजे. ऑइलचं प्रमाण पक्क्या बिलावरच लिहून घ्या. इथेनॉलमिश्रित पेट्रोल ओल ओढतं, म्हणून पावसाळ्यात मशीन ठेवून द्यायच्या आधी टाकी रिकामी करा आणि कार्ब्युरेटरमधलं उरलेलं संपेपर्यंत चालवा. एअर फिल्टर झटका, साखळीचा ताण तपासा, दात गोल कानशीने घासा, बारचं ऑइल वेगळं भरायचं ते विसरू नका. टूटी ऑइलच्या प्रत्येक बाटलीचं बिल आणि सर्व्हिसची शिक्क्यासह नोंद एका वहीत ठेवा. वॉरंटीच्या वादात अशी वही पुढे केली, की ‘तुम्ही काळजी घेतली नाही’ हे म्हणणं समोरच्याला सिद्ध करावं लागतं.