दहावीतली मुलगी रात्री एकपर्यंत चॅटिंग करते. फोन काढून घ्यावा का?

नका काढून घेऊ. बडोद्यात शाळेचा गृहपाठ, ट्यूशनची बदललेली वेळ, सोसायटीच्या गरब्याची तयारी, सगळं व्हॉट्सॲपवरच येतं. फोन गेला की ती मैत्रिणीचा वापरेल आणि तुम्हाला काही कळणंच बंद होईल. रात्री साडेदहानंतर तो तिच्या खोलीत नसावा, एवढं धरून बसा.

व्हॉट्सॲपला तासाभराचा टायमर लावूनही उपयोग झाला नाही, असं तुम्ही लिहिलंय. अँड्रॉइड फोनच्या सेटिंग्जमधल्या डिजिटल वेलबीइंगचा टायमर मध्यरात्री १२ वाजता पुन्हा शून्यापासून मोजायला लागतो, म्हणजे बाराला तिला नवा तास मिळतो. शिवाय तो टायमर ती स्वतःच काढू शकते. त्यापेक्षा फॅमिली लिंक या गूगलच्या पालकांसाठीच्या ॲपमध्ये डाउनटाइम १०.३० ते ६ ठेवा. त्या वेळात फोन लॉक राहतो, आलेला कॉल मात्र घेता येतो. १३ वर्षांवरच्या मुलांना या देखरेखीला स्वतः होकार द्यावा लागतो, त्यामुळे आधी तिच्याशी बोलणं भाग आहे. मला तरी हे योग्यच वाटतं.

लॅपटॉप विसरू नका. फोन हॉलमध्ये चार्जिंगला आणि खोलीत लॅपटॉपवर व्हॉट्सॲप चालू, असं सर्रास होतं. एकदा जोडलेल्या लॅपटॉपवर फोन बंद असतानाही मेसेज येत राहतात. तिच्यासमोरच फोनवरच्या व्हॉट्सॲपमध्ये ‘लिंक्ड डिव्हाइसेस’ उघडा आणि तिथून लॅपटॉप लॉग आउट करा.

ती स्नॅपचॅटवर असेल तर जागरणाचं कारण बहुधा स्ट्रीक, म्हणजे रोज न चुकता एकमेकींना स्नॅप (फोटो किंवा व्हिडिओ) पाठवण्याची साखळी. ती टिकवायला दोघींनी २४ तासांच्या आत एकमेकींना स्नॅप पाठवावा लागतो, नुसता मेसेज चालत नाही. वेळ संपत आली की नावापुढे वाळूचं घड्याळ दिसतं आणि पोरगी अंथरुणातून उठून फोन शोधते. मोठ्यांना हा पोरखेळ वाटतो, पण तिच्यासाठी तो मैत्रीचा शब्द असतो, म्हणून तोडायला लावू नका. रोज जेवणाआधी स्नॅप पाठवायची सवय लावा, मैत्रिणीलाही तीच वेळ सांगू दे.

“पहाटे अलार्म लागतो” म्हणून फोन उशाशी हवा असेल, तर मंगळबाजारातून साधं गजराचं घड्याळ आणा.

नवरात्रात हे वेळापत्रक टिकणार नाही. गरब्याहून उशिरा निघालेल्या मुलीकडे फोन चालू हवाच. त्या नऊ रात्री डाउनटाइम आपणहून बंद ठेवा, आणि दसऱ्यापासून पुन्हा साडेदहा, हे घटस्थापनेआधीच ठरवून घ्या.