दोघा भावांचं नुकसान सारखंच, मग एकच का खचला?

"मॅडम, पाणी तर दोघा भावांच्या रानात शिरलं, पण दीर हिंडतेत फिरतेत आन् हे भिंतीकडं तोंड करून पडून असतेत. यांचं मनच कमजोर हाय का?" औसा तालुक्याकडच्या एक ताई विचारत होत्या (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत). सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीनंतर इकडं लातूरकडं हाच प्रश्न मी कितीतरी जणींच्या तोंडून ऐकलाय.

कमजोर बिमजोर काही नसतं हो. ताईंच्या नवऱ्याला, म्हणजे दादांना बसवलं, कागदावर मधोमध रेघ मारली, डावीकडं काय झालं ते लिहा म्हणलं आणि उजवीकडं तेव्हा मनात काय आलं ते. डावीकडं एकच ओळ, "सोयाबीन पाण्यात गेलं, शेंगाला झाडावरच मोड आले." उजवीकडं मात्र हात थांबेना, "मीच उशीर केला, माझ्या हातनं काहीच धड होत नाही, पोरीचं लग्नबी होणार नाही, आता जन्मभर हेच."

चूक माझी, ती कायमची, आणि सगळ्याच बाबतीत! संकटाचा असा अर्थ लावायची सवय असली की डिप्रेशनचा धोका वाढतो, हे अब्रॅमसन, सेलिगमन आणि टीसडेल या मानसशास्त्रज्ञांनी १९७८ सालीच मांडलं होतं. ही सवय वर्षानुवर्षं गप पडून असते, मोठा फटका बसला की उसळते, मग आजारानं विचार आणखी काळे होतात आणि माणूस त्यातच फिरत राहतो. त्यात फटकाही सारखा नव्हताच, दिराचा पोरगा पुण्यात कमावता आणि यांच्या डोक्यावर सावकाराचं कर्ज. म्हणून "पॉझिटिव्ह विचार कर" म्हणणाऱ्यांचा मला खरंच राग येतो.

जीव द्यावा वाटतो का, असं सरळ विचारलं. विचारल्यानं तो विचार डोक्यात घुसत नाही, उलट माणूस मोकळा होतो. दादा "हो" म्हणाले. त्याच दिवशी मानसोपचार डॉक्टरांकडं नेलं, ताईंना फवारणीचं औषध घरातनं हलवायला लावलं आणि टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर दोघांच्या मोबाईलमधी सेव्ह करून दिला, तो फुकट हाय आणि रात्रीबी लागतो.

पाचव्या वेळेला दादा कागद घरूनच लिहून आले. "मीच उशीर केला" याच्या खाली बारीक अक्षरात होतं, "काढणीला मजूर मिळाले नव्हते, तीन गावं फिरलो होतो." गोळ्या चालू आहेत, झोप अजून तुटक तुटकच येते.