जुन्या स्पोर्ट्स कारची छायाचित्रे कलाकृती म्हणून विकता येतात का?

होय, येतात, मात्र संपूर्ण गाडी दाखवणारे छायाचित्र बहुधा माहितीपत्रकासारखे दिसते. १९६१ साली जिनिव्हात सादर झालेली जॅग्वार ई-टाइप घ्या : तिच्या लांबलचक बॉनेटची कड, काचेआडचा दिवा आणि सूर्यास्तानंतरच्या मंद उजेडात पत्र्यावरून ओघळणारी प्रकाशाची एकच रेघ एवढेच टिपले, तरी जाणकार गाडी ओळखतो. पोलरायझर फिल्टर (लेन्सवर लावायची, चकाकी कमी करणारी काच) जपून वापरावा, कारण सगळी चकाकी पुसली गेली की पत्र्याची गोलाईही हरवते. छपाई सुती कागदावर पिग्मेंट (रंगकणयुक्त) शाईने करावी, प्रतींची संख्या (समजा २५) आधीच ठरवून प्रत्येकीच्या खालच्या समासात पेन्सिलीने क्रमांक व स्वाक्षरी घालावी, आणि ती संख्या पुढे मुळीच वाढवू नये. गाडी खासगी संग्रहातील असल्यास मालकाची लेखी परवानगी घ्यावी.