घटस्फोटानंतर नवऱ्याची अर्धी मालमत्ता बायकोला मिळते का? आणि मूल कोणाकडे राहतं?

नाही, महाराष्ट्रात हिंदू विवाह कायद्याखाली असा आपोआप अर्धा वाटा नाही. मालिकांमुळे हा समज पसरलाय. फ्लॅट ज्याच्या नावावर, त्याचा. दोघांच्या नावावर असेल तर हिश्श्याप्रमाणे. हप्ते तुम्हीही भरले असतील तर बँकेचे उतारे आजच काढून ठेवा, नंतर तेच कामी येतात. स्त्रीधन, म्हणजे बायकोला लग्नात आणि नंतर मिळालेले दागिने-भेटवस्तू, मात्र पूर्णपणे तिचं, मग ते सासूच्या कपाटात का असेना. बाकी मिळते ती पोटगी, एकरकमी किंवा दरमहा. 2020 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या रजनेश विरुद्ध नेहा निकालापासून पोटगीच्या दाव्यात दोघांनाही उत्पन्न आणि मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं, त्यामुळे पगार लपवणं पूर्वीइतकं सोपं राहिलेलं नाही.

गोव्यात गोष्ट वेगळी. तिथे पोर्तुगीज काळापासूनचा नागरी कायदा आहे. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर मालमत्ता सामाईक धरतात आणि विभक्त होताना निम्मी-निम्मी होते.

मुलाचं म्हणाल तर पाच वर्षांखालचं मूल साधारणपणे आईकडे. त्यापुढे कोर्ट मुलाचं हित बघतं, कोणाचा पगार जास्त एवढंच नाही. जरा मोठ्या मुलाशी न्यायाधीश स्वतःही बोलतात. ताबा एकाकडे गेला तरी दुसऱ्याला भेटीचा हक्क सहसा मिळतोच.