वाचकांचे प्रश्न : विद्यापीठाच्या आवारातले खरकटे, पाणी, झाडे आणि वीज

विद्यापीठे आणि महाविद्यालये यांच्या आवारांत पर्यावरणासाठी जे उपक्रम चालतात, त्यांविषयी आलेल्या पत्रांपैकी सहा पत्रांना या अंकात उत्तरे देत आहे. जागेअभावी पत्रे संक्षिप्त केली आहेत आणि संस्थांची नावे वगळली आहेत.

प्रश्न : आमच्या वसतिगृहाच्या मेसमागे खरकट्यावर चालणारे बायोगॅस संयंत्र तीन वर्षांपूर्वी बसवले गेले. पहिल्या सत्रात गॅस चांगला मिळाला. दिवाळीच्या सुट्टीनंतर मात्र तो कमी झाला, आंबट वास येऊ लागला आणि वर्षाच्या आत संयंत्र बंद पडले. पुरवठादार वापरणाऱ्यांना दोष देतो आणि मेसचा ठेकेदार यंत्राला. ते पुन्हा सुरू करण्यात अर्थ आहे का? (सहायक प्राध्यापक, सांगली जिल्हा)

उत्तर : निश्चित आहे. आपण सांगितलेली लक्षणे यंत्राच्या बिघाडाची नसून टाकीतल्या जिवाणूंच्या उपासमारीची आणि त्यानंतरच्या अतिभोजनाची आहेत. टाकीत दोन प्रकारचे जिवाणू एकापाठोपाठ काम करतात. पहिले भात, पोळी, भाजी यांचे विघटन करून आम्ले तयार करतात आणि दुसरे त्या आम्लांपासून मिथेन, म्हणजे जळणारा वायू, तयार करतात. पहिले झपाट्याने वाढतात, दुसरे फार सावकाश वाढतात. सुट्टीत मेस बंद राहिली की दुसऱ्यांची संख्या घटते आणि सत्र सुरू होताच पूर्वीइतकेच खरकटे एकदम ओतले की आम्ल तयार होण्याचा वेग ते संपण्याच्या वेगापेक्षा पुष्कळ वाढतो. टाकी आंबते, आणि आंबलेल्या टाकीत मिथेन तयार करणारे जिवाणू तग धरत नाहीत.

उपाय महाग नाही. काही दिवस खरकटे टाकणे पूर्ण थांबवावे, जवळच्या गोठ्यातून ताजे शेण आणून ते तितक्याच पाण्यात कालवून टाकीत सोडावे, आणि आम्लता फारच वाढली असेल तर चुन्याची निवळी थोडी थोडी घालून लिटमस कागदाने तपासत राहावे. वायू पुन्हा निळ्या ज्योतीने जळू लागल्यावर सुरुवातीला रोजच्या खरकट्याचा अगदी लहानसा भागच द्यावा आणि तो आठवड्या-आठवड्याने वाढवावा. दिवाळीत आणि मे महिन्यात मेस बंद असली तरी टाकीला दररोज थोडी शेणाची स्लरी मिळालीच पाहिजे. हे काम कोणाचे, त्याचे नाव सुट्टीपूर्वी कागदावर लिहिलेले असावे, कारण बहुतेक संयंत्रे ज्या फटीतून निसटतात ती हीच आहे.

टाकीत काय जाते याकडेही लक्ष द्यावे. लिंबाच्या साली, कांद्याची टरफले, अंड्यांची कवचे, हाडे, तळणीचे उरलेले तेल आणि दुधाच्या पिशव्यांचे कापलेले कोपरे या सर्वांमुळे टाकी बिघडते किंवा नळी तुंबते. भाभा अणुसंशोधन केंद्राने विकसित केलेल्या ‘निसर्गऋण’ पद्धतीत खरकटे आधी मिक्सरमधून बारीक करतात, गरम पाण्यासह हवेशीर टाकीत काही काळ मुरवतात आणि मगच बंद टाकीत सोडतात. मोठ्या मेससाठी ती पद्धत अधिक भरवशाची ठरते. परंतु तिथेही वर्गीकरण हातानेच करावे लागते आणि त्यासाठी पगारी माणूस लागतो. यंत्राच्या किमतीबरोबर त्याच्या पाच वर्षांच्या पगाराची तरतूद न करणाऱ्या अंदाजपत्रकाला मान्यता देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

आणखी एक गोष्ट आधी करावी. एक आठवडाभर ताटांत उरलेले आणि पातेल्यांत उरलेले अन्न वेगवेगळे तोलून त्याचे आकडे मेसच्या दारावर लावावेत. मी ज्या महाविद्यालयात शिकवत होतो तेथे हे केल्यावर लक्षात आले की, विद्यार्थी ताटात टाकतात त्यापेक्षा रविवारी रात्री उपस्थितीचा अंदाज चुकल्यामुळे पातेल्यात राहणारा भात अधिक होता. शनिवारी नावे घ्यायला सुरुवात केल्यावर तो भात शिजणेच थांबले. जे अन्न शिजलेच नाही त्याच्यासाठी संयंत्र लागत नाही.

प्रश्न : दोनशे विद्यार्थिनींच्या वसतिगृहाच्या गच्चीवरचे पावसाचे पाणी बोअरवेलमध्ये सोडले, तर उन्हाळ्यातले टँकर बंद होतील, असे आम्हाला सांगण्यात आले आहे. हे खरे आहे का? (वसतिगृह अधीक्षिका, सोलापूर)

उत्तर : टँकर कमी होतील; ते बंद होतील असे मात्र गणित सांगत नाही, आणि ते गणित आपण स्वतः करून पाहावे. समजा, गच्ची 1,200 चौरस मीटर आहे आणि वर्षभरात 550 मिलिमीटर पाऊस पडतो. वाहून जाणारे आणि उडून जाणारे वजा करून त्यातले 80 टक्के हाती लागले, तर सुमारे 5 लाख 28 हजार लिटर पाणी मिळते. आकडा मोठा दिसतो. परंतु दरडोई 135 लिटर या शहरी पाणीपुरवठ्याच्या प्रमाणाने दोनशे जणींना दिवसाला 27 हजार लिटर पाणी लागते. म्हणजे गच्चीवरचा संपूर्ण वर्षाचा पाऊस सुमारे वीस दिवस पुरेल. वीस दिवसांचे पाणी थोडे नव्हे, पण त्याच्या भरवशावर टँकरचा करार रद्द करू नये.

बोअरवेलविषयी सावध राहावे. आपल्याकडचा खडक काळा पाषाण आहे. त्यात पाणी भरते ते वरच्या झिजलेल्या मुरमाच्या थरात आणि खालच्या भेगांत. त्यामुळे पुनर्भरणाचा खड्डा कोठे घ्यायचा हे भूजल जाणणाऱ्या माणसाला विचारून ठरवावे. पहिल्या एक-दोन पावसांचे पाणी बाहेर सोडावे आणि पुढचे खडी, वाळू व कोळशाच्या गाळणीतून गेल्याशिवाय भूगर्भात जाऊ देऊ नये. कबुतरांच्या विष्ठेसह गच्चीवरचे पाणी थेट विंधन विहिरीत सोडल्याने जो साठा दूषित होतो, तो केवळ आपला नसतो. शेजारच्या वस्तीचाही असतो.

ज्यांच्याकडे विस्तीर्ण आवार आहे त्यांनी गच्चीपेक्षा जमिनीकडे पाहावे. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाचे उदाहरण महाराष्ट्रात अनेकांना माहीत आहे. 1962 मध्ये स्थापन झालेल्या या विद्यापीठाचा परिसर 853 एकरांचा आहे. तेथे जमिनीचा उतार पाहून तलाव, विहिरी आणि शेततळी यांत पाऊस अडवण्याचे काम झाले आणि पाण्याच्या बाबतीत विद्यापीठ स्वतःच्या पायावर उभे राहिले. तेथील मोरांचे कौतुक सर्व जण करतात. ते पाणी आणि झाडोरा यांच्या आधारानेच तेथे राहतात. यातून घेण्यासारखे हे की, पाणी आधी उताराने कोठे जाते ते पाहावे आणि खोदकाम नंतर करावे. जून महिन्यातल्या पहिल्या जोरदार सरीत छत्री घेऊन आवारात एक फेरी मारली, तर सल्लागाराच्या नकाशात नसलेल्या पुष्कळ गोष्टी दिसतात.

त्याआधी, याच आठवड्यात, गळके नळ मोजावेत. सेकंदाला एक थेंब गळणारा नळ दिवसाला सुमारे वीस लिटर पाणी वाया घालवतो. चाळीस नळ गळत असतील, तर ते रोजचे आठशे लिटर होतात, आणि ते वाचवण्यासाठी चाळीस वायसर आणि एक प्लंबर पुरतो.

प्रश्न : आमच्याकडे दर जुलैमध्ये त्याच जागी, बहुधा त्याच खड्ड्यांत, वृक्षारोपण होते. आमच्या माळावर झाडे जगतच नाहीत. यावर्षी मियावाकी पद्धतीने घनवन करण्याचे ठरले आहे. आपले मत काय? (राष्ट्रीय सेवा योजनेचा स्वयंसेवक)

उत्तर : आपल्या पत्रातला ‘माळ’ हा शब्द मला सर्वांत महत्त्वाचा वाटला. माळरान म्हणजे झाडे नसल्यामुळे ओसाड पडलेली जमीन नव्हे. कमी पावसाच्या आणि उथळ मातीच्या प्रदेशात गवत हीच तिथली परिपूर्ण वनस्पतिसृष्टी असते आणि चंडोल, धाविक यांसारखे पक्षी तिच्यावरच जगतात. सोलापूरजवळ नान्नज येथे 1979 मध्ये अभयारण्य घोषित झाले ते माळढोक पक्ष्यासाठी, म्हणजे गवताळ माळासाठीच. जपानी वनस्पतिशास्त्रज्ञ अकिरा मियावाकी यांची दाट लागवडीची पद्धत मुळात ज्या भूमीवर पूर्वी जंगल होते तेथे ते परत आणण्यासाठी आहे. मुरमाड माळावर खोल खणून, खत-माती बाहेरून आणून आणि दोन-तीन वर्षे पाणी देऊन ती राबवता येते. मात्र त्यात जे होते त्याला पुनरुज्जीवन म्हणता येणार नाही.

म्हणून आवाराचे दोन भाग करावेत. जेथे गवत चांगले आहे तेथे काहीही लावू नये; चराई, आग आणि वाहने यांपासून ते राखावे. इमारतींभोवती, रस्त्यांच्या कडेला आणि ओघळींच्या काठाने झाडे लावावीत: करंज, कडुलिंब, बहावा, उंबर, आणि पाणी टिकते तेथे अर्जुन व आपले राज्यफूल ताम्हण. गुलमोहर मूळचा मादागास्करचा आणि गिरिपुष्प अमेरिकेतले. शोभेसाठी एखादे असायला हरकत नाही, पण टेकड्या त्यांनी भरू नयेत.

खड्डे उन्हाळ्यातच खणून तापू द्यावेत आणि खड्ड्यांची संख्या उपलब्ध रोपांवरून ठरवू नये, पुढील तीन उन्हाळे किती रोपांना पाणी देता येईल यावरून ठरवावी. पन्नास झाडांची सोय असेल, तर पन्नासच लावावीत. पानगळीत झाडून जाळला जाणारा पालापाचोळा या रोपांच्या आळ्यांत पसरला, तर पाणी निम्म्या वेळा दिले तरी ओल टिकते. तो जाळणे थांबवणे हा माझ्या दृष्टीने वृक्षारोपणाइतकाच मोठा उपक्रम आहे, आणि त्याला उद्घाटन लागत नाही.

प्रश्न : मुलींच्या वसतिगृहात वापरलेल्या सॅनिटरी पॅडसाठी भिंतीवरचे छोटे विद्युत दहनयंत्र बसवावे का? (विद्यार्थी प्रतिनिधी, पुणे)

उत्तर : शक्यतो बसवू नये. पॅडमध्ये प्लॅस्टिक असते. ते कमी तापमानात अर्धवट जळले की विषारी धूर होतो, आणि भिंतीवरच्या लहान यंत्रात पुरेशी उष्णता व धुराची शुद्धी यांची खात्री नसते. यंत्र स्वच्छतागृहातच असल्याने तो धूर मुलींच्याच श्वासात जातो. पॅड कागदात गुंडाळून, त्यावर लाल ठिपका काढून, वेगळ्या झाकणाच्या डब्यात ठेवावे आणि महानगरपालिकेच्या यंत्रणेकडे स्वतंत्रपणे सोपवावे. पुण्यात ‘लाल ठिपक्या’चा आग्रह कचरावेचक महिलांच्या ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेने धरला, कारण उघडे पॅड त्यांच्या हातांना लागत होते. त्यांच्या संघटनेचे, 1993 मध्ये सुरू झालेल्या कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीचे, मूळ एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या पुण्यातील प्रौढ शिक्षणाच्या कार्यातच आहे. एखादे विद्यापीठ आपल्या कुंपणाबाहेर पाहते तेव्हा किती दूरवर परिणाम होतो, याचे याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही. कापडी पॅड आणि मासिक पाळीचे कप यांची माहिती अवश्य द्यावी. निवड मात्र ज्या त्या मुलीची.

प्रश्न : विद्यापीठाने सौर पॅनेल बसवण्यासाठी निधी मागितला आहे. अग्रक्रम योग्य आहे का? (वित्त समितीचे सदस्य)

उत्तर : पॅनेल बसवावेत, पण आधी पंखे बदलावेत. तीनशे जुन्या पंख्यांचा प्रत्येकी भार सुमारे 75 वॅट आणि नव्या, कमी वीज खाणाऱ्या बीएलडीसी पंख्यांचा सुमारे 30 वॅट धरला, तर दिवसाला चौदा तास आणि वर्षाला अडीचशे दिवस वापरात 47 हजारांहून अधिक युनिट वाचतात. एक किलोवॅट पॅनेल आपल्याकडे वर्षाला साधारण 1,400 युनिट वीज देतात. म्हणजे ही बचत 33-34 किलोवॅटच्या संचाइतकी झाली. त्यानंतर जो संच लागेल तो लहान असेल. भांडवल नसेल, तर कंपनीने स्वखर्चाने संच उभारून विद्यापीठाला प्रतियुनिट दराने वीज विकण्याचा करारही होतो. त्यात पॅनेल धुण्याची, इन्व्हर्टर दुरुस्तीची आणि गच्ची गळल्यास ती दुरुस्त करण्याची जबाबदारी कोणाची, ही कलमे दराइतक्याच काळजीने वाचावीत.

प्रश्न : नॅकच्या, म्हणजे महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या राष्ट्रीय संस्थेच्या, समितीसाठी हरित लेखापरीक्षण (आवारातल्या पर्यावरणविषयक कामाची तपासणी) झाले, प्रमाणपत्र भिंतीवर लागले, आणि आम्ही दोघी-तिघी वर्षभरात पदवी घेऊन बाहेर पडू. मागे काय उरेल? (तृतीय वर्षाची विद्यार्थिनी)

उत्तर : आपली चिंता रास्त आहे. पर्यावरणाचाही विचार करणाऱ्या नॅकच्या सातव्या निकषामुळे हे विषय संस्थांच्या अजेंड्यावर आले, ही चांगलीच गोष्ट झाली. परंतु समिती काही वर्षांनी एकदा येते आणि पाणी रोज वाहते. विद्यार्थी तीन वर्षांनी बदलतात, अधिकारी बदल्यांनी बदलतात. पंपचालक, माळी आणि मेसमधले कर्मचारी मात्र अनेकदा वीस-वीस वर्षे तेथेच असतात. कोणती झडप कोणत्या इमारतीची हे त्यांनाच ठाऊक असते आणि हरित समितीच्या बैठकीला त्यांनाच बोलावलेले नसते. त्यांना सदस्य करून घ्यावे, अशी लेखी मागणी आपण कुलसचिवांकडे करावी.

दुसरे काम नोंदवहीचे. पर्यावरणाचा अभ्यासक्रम सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर 2004 पासून पदवीच्या सर्व शाखांना आवश्यक झाला आणि त्याचे प्रकल्प दरवर्षी इंटरनेटवरून उतरवून काढले जातात. त्याऐवजी प्रत्येक नव्या तुकडीने आवारातल्या वीज आणि पाण्याच्या मीटरचे दर महिन्याच्या पहिल्या तारखेचे आकडे, मेसमधल्या खरकट्याचे वजन आणि गेल्या वर्षी लावलेल्यांपैकी जिवंत झाडांची संख्या लिहावी, आणि मागच्या तुकडीच्या आकड्यांशी ताडून पाहावी. मुख्य टाकीला पाण्याचा मीटर नसेल, तर तो बसवून घेणे हाच आपला शेवटच्या वर्षाचा प्रकल्प असू द्यावा. वही ग्रंथालयात नको, पंपघरात ठेवावी. पहिले पान आपण पंपचालकाच्या शेजारी बसून भरावे.