आधी थांबव, मग दिसण्याचं बघू

प्रिय बाळा,

"नजर सुधारणारच नसेल, तर डोळ्याला हात तरी कशाला लावू द्यायचा?" तुझ्या पत्रातलं हे वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. दोन डॉक्टरांची दोन मतं, तोंडावर आलेली परीक्षा, कुणीतरी सुचवलेले डोळ्यांचे व्यायाम, सगळं त्याच एका वाक्याला लटकलेलं आहे. धीर देण्यात मी वेळ घालवत नाही. धीर तुझ्यात आहे, नाहीतर इतकं नेमकं लिहिता आलं नसतं. गोंधळ आहे तो क्रमाचा. तुला झालेल्या केरॅटोकोनस या आजारात आधी आजार थांबवायचा आणि मग दिसण्याचं बघायचं. तू उलट्या टोकाने सुरुवात केली आहेस.

तुझ्या डोळ्यात काय चाललंय ते आधी नीट समजून घे. बुबुळावरचा पारदर्शक पडदा, म्हणजे कॉर्निया, मध्यभागी साधारण ५४० मायक्रॉन जाड असतो, जेमतेम अर्धा मिलिमीटर. डोळ्यात शिरणारा प्रकाश वळवण्याचं दोन तृतीयांश काम तो एकटा करतो. त्याच्या जाडीचा बहुतेक भाग कोलॅजनच्या तंतूंच्या थरांचा असतो आणि या तंतूंच्या एकमेकांशी असलेल्या बांधणीवर त्याचा आकार टिकतो. केरॅटोकोनसमध्ये ही बांधणी सैल होते, पडदा पातळ होतो आणि डोळ्याच्या आतला अगदी नेहमीचा दाबसुद्धा त्याला पेलत नाही. कमजोर जागा, बहुधा मध्याच्या थोडी खाली, पुढे येते. गोलाई बिघडली की प्रकाश एका जागी जमत नाही. रात्री समोरच्या गाडीच्या दिव्याला शेपट्या फुटतात, फळ्यावरच्या अक्षराला त्याचीच फिकट सावली चिकटते आणि एक डोळा झाकला तरी ती जात नाही, असं तू लिहिलंस. अगदी बरोबर लिहिलंस. चष्म्याची काच नियमित वक्रता भरून काढते, वाकडीतिकडी नाही. तेव्हा चष्मा करून देणाऱ्यावर रागावू नकोस आणि नवा नंबर काढायला पुन्हा जाऊही नकोस. आत ओल झिरपत असताना वरून भिंत रंगवण्यातला प्रकार आहे तो. झिरपणं आधी थांबव.

आता त्या दोन मतांबद्दल. एक डॉक्टर म्हणाले, क्रॉस-लिंकिंग, म्हणजे कॉर्नियाचे तंतू घट्ट बांधणारा उपचार, लवकर करा. दुसरे म्हणाले, सहा महिन्यांनी पुन्हा तपासू. यात कुणी लुबाडतंय आणि कुणी टाळतंय असं काही नाही. आजार वाढतोय की थांबलाय हे एका तपासणीवरून कळत नाही. कॉर्नियाचा नकाशा, म्हणजे टोपोग्राफी, दोनदा काढून शेजारी ठेवावा लागतो. सर्वांत तीव्र वक्रतेचा आकडा, ज्याला डॉक्टर केमॅक्स म्हणतात, वर्षभरात एक डायॉप्टर (चष्म्याचा नंबरही याच एककात असतो) किंवा अधिक चढला किंवा सर्वांत पातळ जागेची जाडी घटत गेली, तर आजार पुढे सरकतोय असं साधारणपणे धरतात. दुसऱ्या डॉक्टरांसमोर एकच नकाशा होता. पण तुझ्याकडे दोन आहेत! मागच्या वर्षी चष्मा घालवायचा म्हणून तू लेसरसाठी गेला होतास आणि कॉर्निया संशयास्पद दिसतोय म्हणून त्यांनी नकार दिला. तो नकाशा फायलीत धूळ खात पडलाय आणि तू मला व्यायामांबद्दल विचारतोस. अरे, कॉर्नियात स्नायू नसतात, व्यायाम कशाला द्यायचा? फाईल उघड आणि दोन्ही कागद घेऊन जा. शक्य असेल तर पुढचे नकाशे एकाच बनावटीच्या यंत्रावर काढ, कारण वेगवेगळ्या यंत्रांचे आकडे एकमेकांशी सरळ जुळत नाहीत. कॉन्टॅक्ट लेन्स वापरत असशील तर तपासणीआधी ती किती दिवस बंद ठेवायची ते विचार, लेन्सच्या दाबाने नकाशा फसवतो. आणि ज्यांनी तुला लेसरला नकार दिला त्यांचे आभार मान. आधीच कमजोर असलेल्या कॉर्नियावर लॅसिक केलं की तो आणखी पातळ होतो आणि आणखी फुगतो.

तुझं वय विशीचं. हा आजार बहुधा किशोरवयात सुरू होतो, विशीत जोर धरतो आणि चाळिशीकडे जाताना आपोआप मंदावतो, कारण वयानुसार कोलॅजनचे तंतू नैसर्गिकरीत्याच घट्ट बांधले जातात. म्हणजे तुझी सर्वांत धोक्याची वर्षं हीच आहेत, आणि नेमकी हीच तू "बघू पुढे" म्हणत घालवायला निघालास.

क्रॉस-लिंकिंग म्हणजे वयाने जे हळूहळू होतं ते मुद्दाम लवकर घडवून आणणं. जर्मनीतल्या ड्रेस्डेनमध्ये थिओ झायलर, एबरहार्ड श्पोर्ल आणि ग्रेगोर वोलेन्झाक यांनी ही पद्धत उभी केली. २००३ साली त्यांनी २२ रुग्णांच्या २३ डोळ्यांचे निष्कर्ष छापले. उपचार केलेल्या सगळ्या डोळ्यांत आजार थांबला होता आणि बऱ्याच डोळ्यांत वक्रता थोडी उतरलीही होती. अमेरिकेत अधिकृत मान्यता मिळायला मात्र २०१६ उजाडलं.

२००३ हे साल माझ्या मनात रुतून बसलंय. मी तुझ्या वयाची होते तेव्हा ही सोय जगात कुठेच नव्हती. दर काही महिन्यांनी नवा नंबर, मग कडक लेन्स, मग ती बुबुळावर टिकेना म्हणून वेगळी कडक लेन्स, आणि शेवटी उजव्या डोळ्याचं कॉर्निया प्रत्यारोपण. त्या काळच्या डॉक्टरांकडे थांबवायला काही नव्हतंच, त्यांना बोल लावून काय उपयोग? हळहळ वाटते ती वाटतेच. म्हणून जेव्हा तुझ्यासारखा मुलगा, ज्याच्या हाताशी ही गोष्ट आहे, मला विचारतो की नजर सुधारणार नसेल तर कशाला करायचं, तेव्हा माझा आवाज चढतो. चढू दे. थांबवणं हाच त्याचा फायदा आहे. आज तुला जे दिसतं ते टिकवण्यासाठी मी त्या वयात काय वाटेल ते केलं असतं.

प्रत्यक्षात काय होतं ते सांगते, म्हणजे नसती भीती राहणार नाही आणि नसत्या अपेक्षाही राहणार नाहीत. मूळ पद्धतीत डोळ्यात बधिर करणारे थेंब घालून कॉर्नियाचा सर्वांत वरचा नाजूक थर मधल्या भागातून काढतात. मग अर्धा तास रायबोफ्लेविनचे, म्हणजे ब-२ जीवनसत्त्वाचे पिवळे थेंब थोड्या थोड्या वेळाने टाकत राहतात. त्यानंतर अतिनील प्रकाश, दर चौरस सेंटिमीटरला ३ मिलीवॉट, आणखी अर्धा तास. काही ठिकाणी जास्त तीव्रतेचा प्रकाश कमी वेळ देतात. प्रकाश आणि रायबोफ्लेविन मिळून तंतूंमध्ये नवे बंध तयार करतात. मूळ पद्धतीत कॉर्निया किमान ४०० मायक्रॉन जाड असावा लागतो, नाहीतर प्रकाशाचा मारा सर्वांत आतल्या पेशींपर्यंत पोचतो आणि त्या पेशी पुन्हा तयार होत नाहीत. त्याहून पातळ कॉर्नियासाठी वेगळ्या युक्त्या आहेत, पण तेवढं पातळ होईपर्यंत वाट बघायची कशाला?

पहिले दोन-तीन दिवस डोळा चांगलाच दुखतो, चुरचुरतो, पाणी येतं, उजेड सहन होत नाही. वरचा थर भरून येईपर्यंत पट्टीसारखी एक मऊ लेन्स बसवून ठेवतात. मग काही आठवडे नजर आधीपेक्षा धूसर राहते. इथे लोक घाबरतात आणि "उगाच केलं" म्हणतात. तू म्हणू नकोस. काहींना पुढे थोडं बरं दिसू लागतं, पण ते गृहीत धरायचं नाही. धोकेही आहेत. जंतुसंसर्ग होऊ शकतो, धुरकटपणा किंवा व्रण राहू शकतो, थोड्या रुग्णांत उपचारानंतरही आजार पुढे सरकतो. म्हणून नंतरही नकाशे काढत राहायचे. परीक्षेची तारीख डॉक्टरांना स्पष्ट सांग, काही आठवडे पुढेमागे करता येईल का ते त्यांना ठरवू दे. पण "परीक्षेनंतर बघू" असं मला ऐकवू नकोस. परीक्षेनंतरची तारीख आजच घेऊन टाक.

आणि डोळे चोळणं बंद. आजपासून, या ओळीपासून. तू सहज लिहून गेलास की ॲलर्जीमुळे डोळे खाजतात आणि सकाळी उठल्यावर मुठीने चोळल्याशिवाय बरं वाटत नाही. सैल पडलेल्या तंतूंना रोज पिळल्यासारखं आहे ते. चोळणं आणि हा आजार यांचा संबंध डॉक्टर फार गांभीर्याने घेतात. "चोळू नकोस" एवढं सांगून खाज जात नाही हे मलाही कळतं, म्हणून खाजेवर रीतसर उपचार घे. ॲलर्जीचे थेंब असतात, थंड पाण्याची पट्टी असते, कृत्रिम अश्रू असतात. स्टेरॉइडचे थेंब मात्र स्वतःच्या मनाने आणून घालायचे नाहीत, त्यांनी डोळ्यातला दाब वाढतो आणि मोतीबिंदूही होऊ शकतो. पालथं झोपून उशीत डोळा दाबायची सवय असेल तर तीही मोड. चोळत राहून क्रॉस-लिंकिंग केलंस तर अर्धंच थांबवलंस.

हे सगळं झाल्यावर दिसण्याचं. तिथे तुला वाटतो तेवढा अंधार नाही. केरॅटोकोनसने माणूस पूर्ण आंधळा होत नाही, डोळ्याच्या मागचा पडदा, म्हणजे रेटिना, आणि दृष्टीची नस शाबूत असते. बिघाड समोरच्या काचेत आहे. डोळ्यावर गुळगुळीत नवा पृष्ठभाग ठेवला की चित्र जुळून येतं. कडक लेन्स हेच करते. १८८८ साली आडोल्फ फिक यांनी पहिल्या काचेच्या लेन्सबद्दल लिहिलं, तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर याच आजाराचे रुग्ण होते. आता स्क्लेरल लेन्स मिळते. मोठी असते, बुबुळाला न टेकता पांढऱ्या भागावर बसते, आणि मधल्या पोकळीतलं द्रव सगळे उंचसखल भाग भरून काढतं. माझ्या डाव्या डोळ्यात तीच आहे. सकाळी वाटीसारखी ती लेन्स छोट्या रबरी टोपीवर ठेवते, प्रिझर्व्हेटिव्ह नसलेल्या सलाइनने काठोकाठ भरते, मान इतकी खाली घालते की चेहरा जमिनीला समांतर होतो, दोन्ही पापण्या ताणून धरते आणि वाटी वर आणते. गार स्पर्श होतो, थोडं पाणी गालावर सांडतं. आरशात बघते. आत बुडबुडा दिसला तर काढून पुन्हा पहिल्यापासून. बुडबुडा नसेल तर खिडकीची चौकट एकदम एकच होते. नळाचं पाणी या लेन्सला कधीही लावायचं नाही, त्यातल्या अमीबाने बुबुळ सडू शकतं.

काहींच्या कॉर्नियात अर्धवर्तुळाकार बारीक रिंगा बसवून आकार सुधारतात. उपयोगी असतात, पण निवडक डोळ्यांत.

प्रत्यारोपणाबद्दल तू विचारलंस की "सरळ नवीनच बसवून टाकलं तर?" बसवून टाकलं म्हणजे काय? तो कुणीतरी मरणोत्तर दिलेला पडदा आहे. १९०५ साली एडुआर्ट झिर्म यांनी पहिलं यशस्वी प्रत्यारोपण केलं, तेव्हापासून तंत्र फार सुधारलं. आता आतला थर तुझाच ठेवून फक्त पुढचे थर बदलता येतात आणि त्याने शरीराने पडदा नाकारण्याचा धोका बराच कमी होतो. ज्यांना गरज आहे त्यांना हे वरदान आहे, मलाही होतं. पण टाके वर्षभर किंवा अधिक काळ राहतात, नजर महिनोन्‌महिने बदलत राहते आणि त्यानंतरही बहुतेकांना चष्मा किंवा लेन्स लागतेच. डोळा लाल झाला, दुखला, उजेड खुपला किंवा नजर मंदावली की त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. हे आयुष्यभर. म्हणून डाव्या डोळ्यासाठी मी नाही म्हटलं. घरचे म्हणतात, रोजची ही लेन्सची कटकट कशाला, तोही बदलून घे. मी हट्टी आहे असंही म्हणतात. असेन. पण त्या लेन्सने मला वाचता येतं, रस्त्यावर चालता येतं, आणि माझा स्वतःचा कॉर्निया अजून माझ्या डोळ्यात आहे. त्याला व्रण आलेला नाही. तो जोवर काम देतोय तोवर मी कुणाला हात लावू देणार नाही, आणि हे मी घरी जितक्या वेळा समजावलं तितक्या वेळा मला ते अधिकच पटत गेलं.

तुला यातलं काही निवडायची वेळ येऊ नये म्हणून इतकं लिहिते आहे. तुझा चांगला डोळा "ठीक आहे" असं तू म्हणतोस. हा आजार बहुधा दोन्ही डोळ्यांत असतो, एकात पुढे, एकात मागे. त्या डोळ्याचाही नकाशा माग आणि त्याचेही आकडे लिहून ठेव.

आणखी एक. धाकट्या बहिणीचा नंबर वर्षात दोनदा बदलला, असं पत्राच्या शेवटी तू ओझरतं लिहिलंस. सख्ख्या भावंडांत हा आजार आढळण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते. पुढच्या तपासणीला तिलाही बरोबर ने. नुसता नंबर काढून परत येऊ नका, तिचीही टोपोग्राफी करून घ्या. तीही डोळे चोळते का, ते आजच तिला विचार आणि मला कळव.

तुझी,
मावशी